शनिवारची झोप

"तुम्ही वाजवा हो, पण मी झोपायचं कधी?" नर्सबाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. अंगावर रात्रपाळीचा गणवेश तसाच, डोळे लालभडक.

आई त्यांच्या दाराशी उभी आणि तिच्या मागे मी. त्या इमारतीच्या तळघरात गाण्याबजावण्याचा एक छोटा हॉल आहे, त्याच्या दारावर आई कितीतरी वर्षं तिकिटं फाडते. नर्सबाई त्याच्या बरोबर वर नव्याने राहायला आलेल्या. शनिवारी दुपारी खाली ड्रम सुरू झाला की वर त्यांचा पलंग हादरायचा. त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली होती, आणि ती मागे घेतली नाही तर पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम बंद, असं हॉलच्या व्यवस्थापकांनी सकाळीच सांगितलं होतं. सांगून ते वकील शोधायला गेले. आई वर आली.

मला वाटलं, आता ही भांडणार. तिला भांडायला आवडतं आणि जमतंही. पण ती म्हणाली, "आत येऊ? जरा आडवी होऊन बघते."

नर्सबाई बघतच राहिल्या. आईने चपला काढल्या, सरळ जाऊन त्यांच्या पलंगावर पडली आणि डोळे मिटले. खाली सराव चालूच होता. थोड्या वेळाने ती उठून बसली.

"खरंय तुमचं. इथे कुंभकर्णसुद्धा झोपायचा नाही."

"मग? बंद करणार?"

"छे! ते नाही करणार. तुमच्या झोपेचं बघते काहीतरी."

घरी येताना मी म्हटलं, "आई, सोड ना आता. वय झालं तुझं. किती दिवस दारावर उभी राहणार?"

ती उखडलीच. "मोठ्या हॉलात जायचं म्हणजे आधी तिकिटासाठी मरा, मग कपड्यांना इस्त्री करा, दोन बस बदला. आपल्याकडे माणूस कामावरून सुटला की भाजीची पिशवी घेऊन तसाच आत येतो. पिशवी माझ्यापाशी ठेवतो, तासभर ऐकतो, घरी जातो. तेवढंही नसेल तर शहरात राहायचं कशाला? भाडं भरायला?"

घरात शिरल्याशिरल्या तिने बाबांच्या खोलीचं कुलूप काढलं.

बाबांना जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हापासून ती खोली बंद आणि आई बाहेर सोफ्यावर. एकदा मी आतली नुसती खिडकी उघडली, तर दोन दिवस माझ्याशी अबोला. आतली हवा त्यांची आहे, म्हणे. घरातली सगळ्यात शांत खोली तीच, मागच्या अंगाला.

"आई, नक्की ना?"

"नक्की-बिक्की काही नाही. धुतलेला अभ्रा दे."

तिने उशीचा जुना अभ्रा काढला, नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग बादलीत टाकला आणि वरून पाणी सोडलं. मला तिच्याकडे बघवेना. नवी चादर मात्र तिने अशी ताणून घातली की एक सुरकुती राहिली नाही.

शनिवारी दुपारी आमच्याकडे झोपायला यायला नर्सबाई सहजासहजी तयार झाल्या नाहीत. "परक्याच्या घरात कोण झोपतं हो?"

"तुमच्या हॉस्पिटलात सगळे परक्याच्याच पलंगावर झोपतात की," आई म्हणाली. "तुम्हीच झोपवता त्यांना."

नर्सबाईंना हसू आवरेना. "बरं, एक शनिवार बघते. पण झोप नाही लागली, तर तक्रार कायम."

"कायम ठेवा," आई म्हणाली.

शनिवारी नर्सबाई रात्रपाळी करून आल्या, घरची कामं उरकली आणि दुपारी आमच्याकडे आल्या. मी दाराच्या घंटीची वायर काढून ठेवली, नळ घट्ट बंद केला. आई हॉलवर गेली. तिथे तिचं लक्ष लागलं नसणार, कारण कार्यक्रम संपताच ती जवळजवळ धावतच घरी आली.

"लागली का गं झोप?"

मी नुसतं खोलीकडे बोट केलं. आतून घोरणं ऐकू येत होतं. चांगलं दणदणीत, मध्येच थांबून पुन्हा नव्या जोमाने सुरू होणारं.

"आता यांच्याविरुद्ध तक्रार करू या," मी कुजबुजले.

आईने हसू दाबलं, पण दाबता दाबता तिचे डोळे भरून आले. "वर्षभर या खोलीतून काही आवाज येत नव्हता गं. मीच येऊ दिला नव्हता."

ती बंद दाराबाहेर जमिनीवरच बसली, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. बाहेर दिवे लागले होते.

"त्यांना ड्यूटीला जायचंय ना? उठवू?" मी विचारलं.

आत थांबलेलं घोरणं पुन्हा सुरू झालं. आईने डोळे उघडले नाहीत.

"उठवू," ती म्हणाली. "एवढं संपू दे."