मेंढरांसाठी बंद केलेली गाडी

सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, न्हावरे मागं टाकून चार किलोमीटर झाल्यावर, हर्षदाची मोटारसायकल दोनदा खोकली आणि बंद पडली.

गाडी तिच्या वडिलांची, तात्याबांची. चालवायला शिकून तिला बावीस दिवस झाले होते. मागच्या सीटवर दोरीनं आवळलेला एक निळा डबा होता. त्यात बर्फ आणि बर्फात शंभर मेंढरांना पुरेल एवढी बुळकांडीची, कळपच्या कळप मारणाऱ्या साथीची, लस. शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डबा हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "बर्फ संपला की लस फुकट गेली म्हणून समज." तात्याबांचा मेंढवाडा भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात, पारगावजवळच्या मोकळ्या रानात बसला होता. आसपासच्या दोन कळपांत मेंढरं मरायला लागली होती. टोचायचं कसं ते हर्षदा प्रशिक्षणात शिकली होती. गाडी कशी चालू करायची ते मात्र तिला या घडीला सुचेना.

एप्रिलचं ऊन डांबरावर पाण्यासारखं हलत होतं. लांबचं लिंबाचं झाड खोडापासून सुटून हवेत उभं राहिल्यासारखं दिसत होतं. तिनं किक मारली, मग पुन्हा मारली. चौदाव्या किकला पोटरीत गोळा आला.

तिनं फोन लावला.

"तात्या, गाडी बंद पडली."

"पेट्रोल हाय का?"

"हाय. टाकी हलवून बघितली. खळखळ वाजतंय."

"चोक दे."

"दिला."

"मग प्लग काढून पूस."

"प्लग कुठं असतो?"

पलीकडं मेंढरं ओरडत होती. "मग गाडीलाच इचार, कुठं दुखतंय म्हणून." मग आवाज खाली आला. "बर्फ किती राह्यला?"

तिनं झाकण बोटभर उचललं. "निम्मं पाणी झालंय."

"तर मग डबा सावलीत ठेव आधी. गाडी जाऊ दे चुलीत."

सावली तेवढ्या एका लिंबाची. तिनं डबा पोटाशी धरून तिथवर नेला, वर बाटलीतल्या पाण्यानं ओढणी भिजवून टाकली आणि परत येऊन गाडीशेजारी उभी राहिली. सकाळपासून सगळं बरं चाललं होतं. शिरूरच्या स्टँडपुढं क्लच झटक्यात सुटून गाडी एकदा मेली होती, तेवढंच. ट्रक शेजारून गेला की हँडल आपोआप कडेला ओढ घ्यायचं, तेव्हा ती तात्याबांचं बोलणं आठवायची: खड्ड्याकडं बघशील तर खड्ड्यात जाशील, वाटंकडं बघ. ती वाटेकडं बघत आली होती. मधे फक्त एकदा थांबली होती.

ते थांबणं तिला आता स्वप्नात घडल्यासारखं वाटत होतं. किलोमीटरभर मागं, डाव्या हाताच्या रानातून एक कळप रस्त्यावर चढला होता. मागचा टेम्पो हॉर्न मारत कडेनं निघून गेला. हर्षदानं मात्र इंजिन बंद केलं. मेंढपाळाच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. कळप रस्त्यावर आला की आवाज करायचा नाही, नाहीतर कळप फुटतो. शेकडो पाठी तिच्या दोन्ही बाजूंनी सरकत गेल्या आणि गाडीच उलटी वाहत चालल्यासारखं वाटलं. एका मेंढीनं तिच्या बाहीला नाक घासलं. मग मागच्या बाईनं काठीनं कळप कडेला घेतला, हात केला आणि हर्षदा पुढं निघाली.

तोच कळप आता परत दिसायला लागला. आधी नुसती धूळ दिसली, मग पायांशिवाय तरंगणाऱ्या पाठी.

"आगं, तू इथंच हायेस व्हय?" बाईनं लांबूनच विचारलं. "मला वाटलं, पारगावला जाऊन च्या प्याली असशील."

"चालूच होत न्हाई, मावशी."

बाईचं नाव भामाबाई. घरची माणसं पुढं मुक्कामाची जागा बघायला गेलेली, कळप एकटीच्या अंगावर. तिनं गाडीकडं आजारी जनावराकडं बघावं तसं बघितलं.

"मघाशी आमच्यासाठी थांबलीस, तवा खाली हात घालून काय फिरवलंस?"

हर्षदाचा हात आपसूक टाकीखाली गेला. पेट्रोलचा कॉक, टाकीतून पेट्रोल सोडणारी चावी, बंद होता. वाड्यावर गाडी लावली की कोकरं पेट्रोलची नळी चावतात, म्हणून तात्याबा उतरता उतरता कॉक बंद करायचे. गाडी शिकताना ती हेही शिकली होती. मेंढरं अंगाशी आली आणि हातानं आपलं काम केलं. नळीत आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी किलोमीटरभर आली.

तिनं कॉक उघडला, थोडं थांबली, किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन लागलं.

"बघ, मला सायकलबी येत न्हाई," भामाबाई म्हणाली, "आन् तुझी फटफटी चालू केली."

हर्षदा हसली आणि हसता हसता तिची नजर खाली गेली. शेजारच्या मेंढीच्या नाकातून पिवळी धार लागली होती, डोळे चिकटले होते. मागं आणखी एक, मान टाकून उभी.

"मावशी, ही कवापासून अशी?"

"परवापासून. सर्दी हाय."

"सर्दी न्हाई ही, बुळकांडी हाय." हर्षदानं इंजिन बंद केलं. या वेळी कॉकला हात लावला नाही. "आज भीमेचा पूल ओलांडू नका. पलीकडं पयल्याच रानात आमचा वाडा हाय. आमच्या मेंढरांना लस आज टोचली तरी अंगात लागू पडायला पंधरा दिवस जातात."

भामाबाईचा चेहरा बदलला. "तुझी गाडी मी चालू करून दिली, आन् माझीच वाट अडवतीस?"

"तुमचीबी मेंढरं वाचवायचीत. डॉक्टरांना फोन लावते, उद्या इथं येतील."

"अलीकडं चारा कुठं हाय? रानं करपलीत." भामाबाई कळपाकडं बघत राहिली. मग तिनं आपला नंबर सांगितला. "घरच्यांना इचारते. शबूद देत न्हाई."

डबा पुन्हा मागं आवळून हर्षदा निघाली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी वाड्यावर पोचली. डब्यात सुपारीएवढे दोन खडे शिल्लक होते. तिनं मेंढीनं नाक घासलेली बाही कापून जाळली, चपला आणि चाकं सोड्याच्या पाण्यानं धुतली, मग सुई धरली. तात्याबा एकेक मेंढी पायात दाबून धरत होते. बाराच्या आत शहाण्णव मेंढरं टोचून झाली.

डॉक्टर उद्या सकाळी यायला तयार झाले. ते कळवायला हर्षदानं भामाबाईला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तो बंद होता.

साडेपाचला बापलेक, कळप आलाच तर अडवायला, पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. पलीकडच्या काठावर धूळ होती, उन्हात तांबूस झालेली. ती बसत होती की चालत येत होती, ते इथून कळत नव्हतं. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत पुलावर एकही मेंढरू आलेलं नव्हतं.