सिस्टरांचं मडकं

"हे माझं नाही," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी खड्ड्यातली राख बाजूला सारून ते मडकं नुकतंच वर काढलं होतं. काळंभोर, कुठे कुठे विटकरी झाक, आणि चकाकी अशी की तोंड बघून घ्यावं. त्यापुढे आम्हा बाकीच्या विद्यार्थ्यांची मडकी चुलीत पडलेल्या बटाट्यांसारखी दिसत होती. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू?

"तळाशी तुमचंच अक्षर आहे की," मास्तर म्हणाले.

"अक्षर माझं आहे. ही चकाकी माझी नाही. माझा घोटायचा दगड रेघा ओढतो."

सिस्टरांचे हात कापायचे. त्या हातांमुळेच इस्पितळाने त्यांना रुग्णांपासून दूर करून कपड्यांच्या खोलीत बसवलं होतं, आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. कच्चं मडकं गुळगुळीत दगडाने घोटायला बसल्या की आम्ही घरी निघालो तरी त्या घोटतच असायच्या. या हातांनी एक तरी वस्तू पुरी करायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"भाजायच्या आधी थोडा हात फिरवला मी," मास्तर म्हणाले. "रविवारी प्रदर्शन आहे. माझ्या वर्गातून वेडंवाकडं काही गेलं तर लोक मला नावं ठेवतात."

"मला विचारलंत?"

"उपकार काय विचारून करायचे? तुमच्या हातांनी सात जन्मांत तरी असं झालं असतं का?"

मास्तर पट्टीचे कारागीर, पण जिभेला हाड नाही. त्यांच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. दिली नाही. आम्ही सगळेच शेपूट घालून राखेकडे बघत उभे होतो.

सिस्टरांनी मडकं मास्तरांपुढे ठेवलं. "हे तुमचं. तुमच्याच नावाने मांडा."

मग ओल्या फडक्याखालचा मातीचा गोळा घेऊन त्या पाटावर बसल्या. हळूहळू नव्या मडक्याची भिंत वर आली, पण काठ एका बाजूला कलला. मास्तरांचा हात सवयीने पुढे गेला.

"हात लावू नका."

"पडेल ते."

"पडू द्या. माझं पडेल."

काठ पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा लावला. मास्तर दोन्ही हात काखेत घालून उभे राहिले, आणि त्या दिवशी आमच्यातलं कोणी लवकर घरी गेलं नाही.