शिंप्याची गुणगुण

मी एक जुना स्पीकर आहे, मित्रांनो. आमच्या शहराच्या संग्रहालयात एक गोल, अंधारी खोली आहे. तिथे शिरले की चहूबाजूंनी शहर गाऊ लागते. आम्ही बारा स्पीकर तिथे नोकरीला आहोत. माझा क्रमांक सातवा.

ही खोली एका ताईंनी रचली. दोन वर्षे त्या मायक्रोफोन घेऊन गल्लीबोळ हिंडल्या. शेजारच्याच्या वाट्याला बँडपथक आले, समोरच्याच्या वाट्याला शाळेचे समूहगीत. माझ्या वाट्याला आला एक म्हातारा शिंपी, शिलाई मशीन चालवता चालवता गुणगुणणारा. मी हिरमुसलो. ताईंनी मला खांबामागे बसवले नि म्हणाल्या, "याचा आवाज वाढवायचा नाही. ज्याला हवा, तो जवळ येईल."

फारसे कोणी येत नसे. शिंपीकाका वारल्यावर त्यांची मुलगी मात्र दर रविवारी येई आणि मला पाठ टेकून बसे. त्या अर्ध्या तासाची मी आठवडाभर वाट पाहत असे, हे कबूल करतो.

पुढे ताई दुसऱ्या कामावर गेल्या. नवे साहेब केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकत. त्यांनी तंत्रज्ञाला फर्मावले, "सातव्यात खडखड फार आहे. साफ करून टाक." बिचाऱ्याने दोन दिवस खपून मशीनचा आवाज काढला. सुक्याबरोबर ओलेही जळते. काकांचा श्वास गेला, सूर गुळगुळीत झाला. साहेब खूश झाले. जुनी फाइल जागा अडवते म्हणून पुसली गेली.

रविवारी मुलगी आली, टेकली आणि लगेच उठली.

"हे माझे बाबा नाहीत," ती रखवालदाराला म्हणाली.

"अहो, तेच आहेत. फक्त साफ केलंय."

"बाबा मशीन चाललं की गायचे. मशीन थांबलं की गप्प. जुनं आहे का तुमच्याकडे?"

"पुसलं म्हणे."

"मी घरी ठेवलंच नाही हो. म्हटलं, इथे आहे की!"

तिची माफी मागावी असे मला फार वाटले. पण माझ्या तोंडून माझे स्वतःचे एक अक्षरही निघत नाही. मी आपला तो गुळगुळीत सूर आळवत राहिलो. ती पुन्हा आली नाही.

मित्रांनो, कोणाचा आवाज साफ करण्याआधी त्याच्या घरच्यांना एकदा विचारत जा. आणि तुमच्या माणसांचे आवाज आमच्यासारख्यांच्या भरवशावर सोडू नका. तिचे बाबा दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ते माझ्याच पोटातून, आणि मला त्यांना धरून ठेवता आले नाही.