माझ्या गोंगाटात बोलणारी वेणूबाई

मित्रांनो, मी खरवईच्या गावदेवीच्या देवळातला एक जुना, विजेवर चालणारा नगारा आहे. बटण दाबले की माझ्या काठ्या नाचायच्या, घंटा हलायची आणि झांजा एकमेकींवर आपटायच्या. नव्वदच्या सुमारास उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. आवाज असा दणदणीत, की कारागिराने मला पहिल्यांदा चालू केले तेव्हा शेजारचा शिंपी कात्री टाकून बाहेर पळत आला!

मला देवळात आणले नव्या कॉलनीतल्या चिंतामणी साहेबांनी. ते देवळाच्या समितीचे अध्यक्ष. माणूस प्रेमळ, पण शिस्तीचा. "आता टाळवाल्यांची वाट बघायला नको. सातला म्हणजे सातला आरती!" ते म्हणाले. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, आरत्याही ठरलेल्या. माझे कौतुक तर विचारू नका! मी अगदी फुगून गेलो होतो.

बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी वेणूबाई उभी राहायची. तिच्या लेकीने, विठाने, कॅम्पातल्या एका सिंधी मुलाशी लग्न केले होते. तेव्हापासून तिचा नवरा महिपती घरात विठाचे नावसुद्धा काढू देत नसे. म्हणून माझा दणदणाट सुरू झाला की वेणूबाई आरती सोडून देवीशी मोठ्याने बोलायची. आरती सगळ्या गावाची होती. हे बोलणे तिचे एकटीचे. ते फक्त देवीला आणि मला ऐकू यायचे. मला तिचा फार लळा लागला होता.

एके दिवशी ऐन आरतीत वीज गेली. मी बंद पडलो, गाणारे दचकून थांबले, पण वेणूबाईचा आवाज काही थांबला नाही.

"आई, माझ्या विठाला पोर झालंय गं! एकदा तरी मला बगू दे!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. पुरुषांच्या रांगेत महिपती होता. वेणूबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. आत्ताच्या आत्ता वीज यावी आणि मी धडाधडा वाजावे, असे मला वाटत होते, पण काठ्या हवेतच अडकल्या होत्या.

"टाळ्या वाजवा, चालू द्या आरती," चिंतामणी साहेब हळूच म्हणाले. कोणाचाच हात हलेना. तेवढ्यात महिपती रांग मोडून बायकांच्या बाजूला आला.

"पोरगा का पोरगी?" त्याने विचारले.

"पोरगी," वेणूबाई पदराआडून म्हणाली.

"उद्या जाऊ. सकाळच्यालाच." एवढे बोलून तो तिथेच उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मग सगळ्यांनीच सूर धरला.

मित्रांनो, आता माझी मोटर जळली आहे आणि मी अडगळीत पडून आहे. मला दुरुस्त केलेत तर आनंदच होईल. पण आरती संपली की लगेच दिवे मालवून देवळाला कुलूप लावू नका. कोणाचे तरी देवीशी बोलणे राहिलेले असते.