कवळी अजून टोचतेय

आप्पांची नवी कवळी पहिल्या रविवारी टोचली तेव्हा घरात कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. नवी चप्पल चावते, नवी कवळी टोचते, त्यात काय एवढं. दुसऱ्या रविवारी टोचली तेव्हा मुलगा म्हणाला, "होईल हो सवय हळूहळू." तिसऱ्या रविवारीही टोचली, तेव्हा मात्र सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. कारण ती कवळी सुनेनंच केली होती.

आता ही सून म्हणजे कुणी नवशिकी नव्हे. एका दातांच्या दवाखान्यामागच्या लॅबमध्ये चौदा वर्षं ती कवळ्या करत होती. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. ही त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात लावायची, मग कवळी घासूनपुसून चकचकीत करून द्यायची. शहरातली निम्मी म्हातारी माणसं हिच्या दातांनी हसत होती म्हणा ना. चौदा वर्षांत हिच्या हातची कवळी दोनदाच परत आली होती, आणि त्यातली एक कुत्र्यानं चावलेली होती.

मग नेमकी सासऱ्यांचीच कशी बिघडली? तर बिघडली नव्हती. तीच तर गंमत सांगायचीय. पण त्याआधी सुनेचं दुखणं सांगायला हवं.

तिला लिहायचं वेड होतं. कपाटात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात तिच्या अकरा कथा होत्या. अकराच्या अकरा अर्ध्या. बाई आळशी असती तर गोष्ट वेगळी. पण सकाळी आठला लॅब, संध्याकाळी सहाला सुटका, मग लेकीचा अभ्यास, स्वयंपाक, उद्याची तयारी. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, त्याच्या पाळ्या बदलत्या. तसा स्वभावानं गरीब. "लिही की, तुला कोण नको म्हणतंय?" असं मनापासून म्हणायचा, आणि दहाव्या मिनिटाला आतून विचारायचा, "अगं, नेलकटर कुठाय?" नेलकटर त्याच्या समोरच्या खणात असायचं. ती उठून द्यायची. परत येऊन बसली की कथेतली माणसं पांगलेली असायची.

एका कथेचं तर फारच वाईट झालं होतं. तिकीटखिडकीवर काम करणारी एक बाई कधी नव्हे ती दुपारी लवकर घरी येते, जिना चढते, तर बंद दाराआड हसण्याचे आवाज. ती दार उघडते आणि... इथे लेकीच्या हातून दुधाचं पातेलं उपडं झालं होतं. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. दूध केव्हाच पुसलं गेलं. ती बाई मात्र कडीला हात लावून उंबऱ्यातच उभी.

आणि यंदा सुनेनं मनाशी ठरवलं होतं, की ही एक तरी पुरी करायची. एका मासिकाची कथास्पर्धा होती, कथा पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पोचायला हवी होती. एकदा, निदान एकदा, शेवटच्या ओळीखाली रेघ मारायची. ही रेघ मारता आली नाही तर आपण नुसतंच लिहितो लिहितो म्हणत म्हातारे होणार, याची तिला खरोखर भीती वाटायला लागली होती.

तर तो पहिला रविवार. लॅब बंद असते, पण किल्ली हिच्याकडे. आप्पांना घेऊन ती नऊला तिथे पोचली. दवाखान्यातल्या मागे लवणाऱ्या खुर्चीत त्यांना बसवलं, दातांत निळा कागद धरून चावायला लावलं. कवळी काढून पाहिली तर डावीउजवीकडे निळे ठिपके सारखे, एकही जास्त नाही. हिरडी पाहिली. गुलाबी, कुठे लाल वण नाही.

"आप्पा, कवळी बरोबर आहे. टोचायला नको."

"तुला काय कळतंय? तोंड माझं आहे."

आप्पा पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभे राहून निवृत्त झालेले. सुतासारखं लोखंड सोलणारा माणूस. त्यांना कोणतीही वस्तू एका फटक्यात पसंत पडत नसे. सुनेला वाटलं, वय झालं, मनाचे खेळ असतील. चांगली बसलेली कवळी घासून बिघडवायची नाही आणि म्हाताऱ्याचं मनही मोडायचं नाही, म्हणून ती कवळी घेऊन मागच्या खोलीत गेली. घासायची मोटार सुरू केली, दोन मिनिटं तशीच फिरू दिली आणि कवळी धुऊन परत आणून दिली.

आप्पांनी ती तोंडात घातली, जबडा इकडेतिकडे हलवला. "बरी वाटतेय. पण लगेच कळायचं नाही. तासभर बसून बघतो. तू कर तुझं काय ते." आणि खुर्ची मागे लववून डोळे मिटले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

सून टेबलाशी बसून राहिली. लॅबमध्ये कुणी नाही. फोन नाही, कुकर नाही, नेलकटर नाही. समोर प्लास्टरच्या तोंडांची रांग, तीही मिटलेली. तिनं मापं टिपायची वही ओढली, आणि साडेदहा कधी वाजले तिला कळलंच नाही.

दुसऱ्या रविवारी आप्पा म्हणाले, "परत टोचतेय गं," तेव्हा तिला चक्क आनंद झाला, आणि पाठोपाठ तिला स्वतःची लाजही वाटली. म्हाताऱ्या माणसाला भास होतायत, आणि आपण त्याचा फायदा घेतोय. पण ती गेली. मोटार रिकामी फिरवली, आप्पा झोपले, हिनं लिहिलं. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी तेच. जिना चढणारी बाई आता पुन्हा पहिल्या पायरीपासून नीट चढत होती. फक्त दारापाशी आली की सुनेचं पेन अडायचं. आत कोण हसतंय तेच तिला ठरवता येईना.

अशात नणंद आली. ही नवऱ्याची थोरली बहीण, सगळे तिला ताई म्हणायचे. मनानं सोन्यासारखी, पण तोंडाला झाकण नाही. बापाची कवळी पाच रविवार टोचतेय म्हटल्यावर तिचा जीव खालीवर झाला, आणि तिनं तो शेजारी, नातेवाईक, दुकानदार सगळ्यांच्या घरी नेऊन खालीवर केला. दोन दिवसांत गोष्ट लॅबपर्यंत पोचली. डॉक्टरांनी सुनेला बोलावून हळूच विचारलं, "घरच्यांची कवळी बसत नाही म्हणे? डोळे तपासून घेता का एकदा?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'बसते, उत्तम बसते,' एवढं म्हटलं की चौदा वर्षांचं नाव वाचत होतं. पण मग रविवार हातचा जात होता. आणि सोमवारी कथा पाठवायची होती. एकच रविवार उरला होता, आणि बाई अजून उंबऱ्यातच होती. ती म्हणाली, "बघते, डॉक्टर."

शनिवारी संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा ताईनं जाहीर केलं, "उद्या दहाला मी आप्पांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेतेय. वेळ घेऊन ठेवलीय. राग मानू नकोस गं, पण घरचं काम घरच्या माणसाकडे देऊच नये."

सुनेच्या हातातला घास हातातच राहिला. "ताई, माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. हे शब्द काढताना तिचे कान तापले होते. "पण उद्याचा एक दिवस द्या मला. उद्या नक्की बसवते. नाही बसली तर तुम्ही म्हणाल तिथे न्या."

"पाच रविवारांत जमलं नाही, ते उद्या कसं जमेल?"

नवरा ताटात बघत होता. लेक आईकडे बघत होती. आप्पा मात्र सुनेच्या लाल कानांकडे बघत होते. मग त्यांनी हात लांब करून ताटलीतलं मक्याचं कणीस उचललं. त्या घरात कुणाला आठवतही नसेल इतक्या वर्षांत आप्पांनी कणीस दातांनी खाल्लं नव्हतं. दाणे सोलून द्यावे लागत. आप्पांनी ते आडवं धरलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं. मग फिरवलं, दुसरी ओळ. मग तिसरी. खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटी त्यांनी साफ झालेला बुरकुंडा ताईच्या ताटाशेजारी ठेवला.

"पहिल्या दिवसापासून चपखल बसलीय," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं मापाचं काम केलं मी. इतकं सफाईचं काम माझ्याही हातून क्वचितच झालं."

"मग रविवारी जाऊन करता काय?" ताईचा आवाज चढला.

"मी झोपतो. ती लिहिते. खुर्ची चांगली आहे तिथली."

सुनेनं मान वर केली. आप्पा तिच्याकडे न बघताच बोलत राहिले. "चष्मा हुडकताना तिचा डबा हाती लागला. एक गोष्ट वाचली. बाई दार उघडते, आणि पुढचं पान उलटलं तर किराण्याची यादी. माणसाला असं उंबऱ्यात उभं करून ठेवतात का कुणी?"

"आप्पा, पण नुसतं सांगायचं ना," नवरा म्हणाला. "मी कधी तिला नाही म्हटलंय?"

"तू हो म्हणतोस आणि हाक मारतोस. मीही मारतो, माझा चहा आहेच. दात दुरुस्त करायला गेलेल्या बाईला कुणी हाक मारत नाही."

नवऱ्यानं बराच वेळ भातात बोटं फिरवली. ताईनं बुरकुंडा उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला, एक दाणा तरी राहिलाय का म्हणून. राहिला नव्हता. "मग त्या डॉक्टरला काय सांगू उद्या?" तिनं विचारलं.

"सांग, येत नाही म्हणून. उद्या टोचणार आहे मला."

ताईनं आधी हसू आवरलं, मग तिला ते आवरेना. तिच्या हसण्यानं लेक हसली, आणि सुनेचं हसता हसता रडू झालं. ते तिनं कुणापासून लपवलंही नाही.

रविवारी सकाळी आप्पांचे बूट पॉलिश होऊन दाराशी ठेवलेले होते. नवरा म्हणाला, "जेवण मी बघतो. सावकाश या, नीट बसल्याशिवाय येऊ नका." ताई शेजारणीला सांगत होती, की असं नाजूक काम आमच्या भावजयीशिवाय कुणाला जमायचं नाही.

लॅबमध्ये आप्पा खुर्चीत बसले, पण झोपले नाहीत. सून लिहीत राहिली. दाराआड कोण असावं यावर तीन वर्षं तिनं डोकं फोडलं होतं. चोर, सवत, मेलेली माणसं, सगळे येऊन गेले होते. आज पेन अडलंच नाही. सव्वाअकराला तिनं शेवटच्या ओळीखाली रेघ मारली. लांब, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"आप्पा, एक सांगायचंय," ती म्हणाली. "मीही तुम्हाला फसवलं. मोटार रिकामीच फिरवत होते मी. कवळीला हातही लावला नाही."

"ठाऊक आहे की. हत्यार मालाला लागलं की आवाज बदलतो. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू खरंच घासली असतीस, आणि मग खरंच टोचली असती." त्यांनी खुर्ची सरळ केली. "ते राहू दे. दार उघडलं का तिनं?"

"उघडलं."

"कोण होतं आत?"

"कुणीच नव्हतं. रेडिओ चालू राहिला होता, तो हसत होता. सगळं घर रिकामं. तिनं रेडिओ बंद केला, आणि खुर्ची ओढून बसली."

"एकटीच?"

"एकटीच."

आप्पांनी जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "तीन वर्षं उभी होती. बसू दे तिला."

मग त्यांनी घड्याळ पाहिलं, जेवायला अजून तास होता. खुर्ची पुन्हा मागे लववली आणि डोळे मिटता मिटता म्हणाले, "डब्यात अजून दहा आहेत ना गं? डावीकडे जरा टोचतंय मला."