चार वाजताचा फेस

दुपार कलली की आखातातल्या सलमाबादेत फेस उडायला लागे. हसू नका, खरंच उडे. कामगारांच्या वसाहतीचं सांडपाणी आणि शेजारच्या नव्या लाँड्रीचं साबणपाणी एकाच टाकीत शुद्ध व्हायला यायचं. लाँड्रीचं पाणी दुपारी सुटे, टाकीत खालून हवा सोडलेलीच असे, आणि मग फेस असा फसफसून वर येई की विचारू नका. वाऱ्याने त्याचे गोळे सुटत, भिंतीवरून तरंगत, गोदामांच्या पत्र्यांवरून कलत्या उन्हात गुलाबी होत जात. जवळ गेलात तर नाक धराल. लांबून मात्र नुसतं बघत राहावं.

लांबून बघणारं माणूस म्हणजे अ‍ॅलिस, त्या प्लांटचा सुपरवायझर असलेल्या फ्लॉयडची आई. वडील गेल्यावर त्याने तिला वसईहून इथे आणलं होतं, प्लांटसमोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. इथे आल्यावर ती एकेक विसरत गेली. आधी वार, मग सून ब्रेंडाचं नाव, मग खुद्द मुलाचं. गेल्या उन्हाळ्यापासून तर तोंडाला कुलूपच लागलं. ब्रेंडा हॉस्पिटलात नर्स, अशी माणसं रोज बघणारी. तीसुद्धा घरी येऊन रडायची.

आणि मग लाँड्री सुरू झाली. फेसाचा पहिला गोळा बाल्कनीसमोरून गेला आणि म्हातारी बोलली! "फिलिप, बघ रे, फेस धरला. बाबांना सांग जा."

फिलिप हा तिचा धाकटा भाऊ. तिचे वडील नायगावच्या मिठागरावर मुकादम होते, आणि वारा सुटला की मिठागराच्या कोपऱ्यात म्हणे असाच पांढरा फेस साचायचा. पोरं तो ओंजळीत घेऊन एकमेकांच्या तोंडाला फासायची. यातलं एक अक्षर फ्लॉयडला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता रोज सकाळची शिफ्ट संपवून तो घरी येई, फिलिप होऊन आईशेजारी बसे, आणि दोघं फेस बघत. मिठाचे ढीग चांदण्यात कसे दिसायचे, बाबा अनवाणी कसे चालायचे, आई सांगत राही. समोर सलमाबादचे पत्रे असत, पण फ्लॉयडला खाडीच दिसू लागे. आपलं नाव नाही तर नाही, आईचा आवाज तरी कानावर पडतोय! एवढ्यावर तो बेहद्द खूश होता.

पण प्लांटला फेस म्हणजे डोक्याला ताप. कंपनीने फेस मारायच्या औषधाचे तीन नमुने पाठवले आणि साहेब म्हणाले, "फ्लॉयड, तू ठरव."

फ्लॉयडने उंच काचेच्या नळ्यांत टाकीचं पाणी घेतलं, हवा सोडून फेस काढला आणि एकेकात एकेक औषधाचा थेंब टाकला. पहिलं सिलिकॉनचं. फेस डोळ्यांदेखत मेला, पण पुढे पाणी ज्या बारीक मेम्ब्रेनमधून गाळलं जातं, तिला हे चिकटून बसलं असतं. ते बाद. दुसरं खनिज तेलाचं. फेस बसला, थोड्या वेळाने पुन्हा वर आला, आणि काचेवर तेलकट ओघळ राहिला. तिसरं फॅटी अल्कोहोलचं, सावकाश काम करणारं. फेस हळूहळू उतरला, आणि उतरला तो उतरलाच.

शेंबडं पोरसुद्धा सांगेल, तिसरं घ्या. फ्लॉयडने दुसरं घेतलं.

सकाळी साहेबांची फेरी होई तेव्हा टाकी शांत असे. दुपारनंतर फेस परत वर, आणि बाल्कनीत आई परत नायगावात. कुरकुर होती ती फक्त महमूदची. राजापूरचा महमूद दुपारच्या शिफ्टचा ऑपरेटर, शांत माणूस, पण आता तोही वैतागला होता.

"फ्लॉयडभाई, या औषधाचा मफी फायदा, काही उपयोग नाही. जिना बघा कसा बुळबुळीत झालाय."

"बसेल, बसेल, इंशाल्ला," म्हणून फ्लॉयड वेळ मारून नेई. मनात त्याला स्वतःची लाज वाटे. चार वाजले की ती लाज कुठल्या कुठे पळे.

त्या दिवशी फेस असा काही आला होता की अर्धी टाकी ढगात गेली होती. आई हसत होती. "फिलिप, धर, धर!" ती म्हणाली, आणि त्याच वेळी फ्लॉयडला समोर टाकीच्या जिन्यावर महमूद दिसला. महमूदचा पाय सरकला. तो कठड्याला एका हाताने लटकला, पाय खाली फेसात. हवा सोडलेल्या त्या पाण्यात पट्टीचा पोहणाराही तरंगत नाही.

तीन मजले फ्लॉयड कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो पोचला तेव्हा महमूद वर येऊन बसला होता. कोपर सोललेलं, चेहरा पांढराफटक. फ्लॉयडला रडूच फुटलं. त्याने सगळं सांगून टाकलं, आईचं, फेसाचं, दुसऱ्या बाटलीचं.

महमूदने कोपराचं रक्त पुसलं. मग म्हणाला, "माझी आई असती तर मीपण तेच केलं असतं. पण जिना रोज मला चढायचा असतो, फ्लॉयडभाई."

तिसरं औषध फ्लॉयडने स्वतःच्या हाताने सोडलं. फेस संध्याकाळभर उतरत राहिला, अगदी सावकाश, आणि टाकीवरचं आकाश मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आई बाल्कनीत बसली. काहीच आलं नाही. ती भिंतीकडे बघत राहिली, ओठ मिटलेले. काय करावं सुचेना, म्हणून फ्लॉयडने आपणच सुरुवात केली, "मग बाबांनी हाक मारली, आणि आपण घमेली घेऊन पळालो..."

मग आईच्या कपाळाला आठी पडली.

"घमेली कुठली? टोपल्या."

फ्लॉयड पुढे सरकला. "हो, टोपल्या. आणि मी तुझ्या तोंडाला फेस फासला."

"चल! मी फासला तुला. तू रडलास," आई म्हणाली, आणि मान उडवून हसली.

पुढच्या दुपारी शिफ्ट बदलताना महमूदने जिन्यावरूनच विचारलं, "आई कशी आहे?"

"बोलते," फ्लॉयड म्हणाला. "मी चुकलो की बोलते."

"मग घरी खुशाल चुका," महमूद कोरड्या पायरीवर पाय आपटून म्हणाला. "इथे नको."

फ्लॉयड घरी निघाला, डोक्यात एकच चाललं होतं. आज आईला म्हणून बघायचं, फिलिप थोरला होता.