एकेचाळीस वेळा ‘घेऊ नये’

पारखींचं काम ऐकायला अगदी सोपं वाटतं. खालच्या डिव्हिजनच्या फुटबॉल मॅचेस बघत हिंडायचं, एखादा खेळाडू नजरेत भरला तर त्याच्यावर पानभर अहवाल लिहायचा आणि तो आपल्या क्लबच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. अहवालाच्या तळाशी दोन चौकोन छापलेले असतात, ‘घ्यावा’ आणि ‘घेऊ नये’. एकात फुली मारली की झालं. बावीस वर्षं हेच केल्यामुळे क्लबात लहानथोर सगळे त्यांना पारखीच म्हणायचे.

असा हा माणूस, बाकी सगळ्यात शहाणा, पण एका बाबतीत पार गाढव. भाच्याच्या बाबतीत.

भाचा म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा. आठवडाभर काचेच्या दुकानात काचा कापायचा आणि रविवारी खालच्या डिव्हिजनमधल्या एका टीमचा स्ट्रायकर म्हणून खेळायचा. गेल्या मोसमात एकोणीस गोल. आता दुसरा कुठलाही मामा असता तर गावभर सांगत सुटला असता. यांनी काय केलं? दोन मोसम त्याच्या जवळजवळ प्रत्येक मॅचला जाऊन बसले आणि प्रत्येक अहवालात ‘घेऊ नये’वर फुली मारून आले. का, तर लोक म्हणतील, मामानं वशिला लावला. बरं, मग क्लबात सरळ सांगून टाकावं की नाही, की हा माझा भाचा, याला दुसऱ्या कुणीतरी बघा? तेही नाही. सांगितलं असतं तर त्याच्या मॅचेसना जायचं काम हातून गेलं असतं, आणि ते काही त्यांना सहन झालं नसतं.

त्यात एक जुनी जखमही होती. सहा वर्षांपूर्वी त्यांनी असाच खालून एक स्ट्रायकर घ्यायला लावला होता. तिकडे सतरा गोल करून आला, इकडे एकच केला, आणि तोही बॉल त्याच्या पाठीला लागून आत गेला म्हणून. ते पोरगं वर्षभर बाकावर बसून कोमेजलं आणि मग त्यानं खेळणंच सोडलं. क्लबचे खजिनदार तो किस्सा अजून चवीनं सांगायचे, पण पारखींना काही हसू यायचं नाही. भाच्याचंही तसंच झालं तर, या विचारानं ते ‘घेऊ नये’वरची फुली आणखी ठळक करायचे.

घरात अहवालांचं फक्त ताईला ठाऊक होतं. त्यावरून बहीणभावात दोन वर्षं धुसफूस चालली होती. त्या बुधवारी सकाळी तिचा फोन आला.

“तुमच्या स्ट्रायकरचा गुडघा गेला म्हणे.”

“हो.”

“शुक्रवारच्या आत दुसरा घ्यायचाय म्हणे.”

“हो, ताई.”

“माझा पोरगा पुढच्या महिन्यात सत्तावीसचा होईल. मग त्याला कुत्रं तरी विचारणार आहे का? तुझ्या खरेपणापायी त्यानं का झिजायचं, एवढंच विचारायचं होतं. ठेवते.”

आणि ठेवलाच तिनं फोन.

मीटिंग अकराला होती, स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या बुटक्या खोलीत. खोलीत तिघंच. टीमच्या कोचबाई, खजिनदार आणि पारखी. कोचबाईंनी कपाटातले सगळे अहवाल बाहेर काढून खेळाडूवार टेबलावर मांडले होते.

खजिनदारांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. “माझं मत ऐका. तेहतीस वर्षांचा असला तरी चालेल, पण वरच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला माणूस आणा. खालच्या गोलांचा काय भरवसा? तिकडचे बचावपटू सोमवारी कामावर जायचं म्हणून पाय जपून खेळतात. एकदा हात पोळलेत आपले. विचारा यांना.”



“म्हाताऱ्या स्ट्रायकरनं काय केलं ते सगळ्यांना माहीत असतं,” कोचबाई म्हणाल्या. “काय करेल ते त्यालाही माहीत नसतं. मला खालचाच हवाय. पण आधी मला हे सांगा.” त्यांनी टेबलावरचा एक गठ्ठा पुढे सरकवला. बाकीच्यांवर दोन कागद, फार तर तीन. हा मात्र विटेएवढा जाड. “हा कोण?”

पारखींनी लगेच आपलं अक्षर ओळखलं.

कोचबाई चष्मा लावून वाचू लागल्या. “‘डावा पाय नुसता उभं राहायला. घेऊ नये.’ ठीक. ‘दोन गोल केले, पण समोरचा गोलकीपर सर्दीनं बेजार होता. घेऊ नये.’ बरं. आणि हे बघा, छत्तिसावा. ‘पावसात नव्वद मिनिटं पळाला. नंतर ओल्या केसांनीच घरी गेला. निष्काळजी. घेऊ नये.’” त्यांनी चष्मा काढला. “ओले केस, पारखी?”

“ते... शिस्त असावी खेळाडूला.”

“रविवारी मी गेले होते त्याची मॅच बघायला. तिकीट काढून, तुमच्या मागे तीन रांगा सोडून बसले होते. त्यानं गोल केला तेव्हा तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारलीत. मग खाली बसून गुपचूप फुली मारलीत. नापास करायला एकेचाळीस वेळा कुणी जात नाही हो. कोण लागतो हा तुमचा?”

“भाचा,” पारखी म्हणाले. “सख्ख्या बहिणीचा.”

खजिनदारांनी टेबलावर थाप मारली. “मग मिटलंच की! सख्खा मामा एकेचाळीस वेळा नको म्हणतोय, मग आपण कशाला हात घालायचा?”

अन् इथे आमचे पारखी हादरले. स्वतःचं नाव साफ राहावं म्हणून दोन वर्षं जपून जपून जे लिहिलं, तेच आता त्या पोराच्या मुळावर आलं होतं. भाच्यावरचा अन्याय त्यांना आजवर अन्याय वाटलाच नव्हता, आपली सचोटी वाटली होती. ते उठून उभे राहिले.

“थांबा. त्यात लिहिलंय ते खरं आहे, पण सगळं नाही लिहिलेलं. डावा पाय कच्चा आहे, आहेच. पण सोपा गोल हुकला ना, की बाकीचे स्ट्रायकर बचावपटूंच्या मागे जाऊन तोंड लपवतात. हा हात वर करून परत बॉल मागतो. शिट्ट्या पडतात, शिव्या पडतात, तरी मागतो. एकेचाळीस मॅचेसमध्ये हा एकदाही लपला नाही. पाठीवरून गोल करणाऱ्या त्या बिचाऱ्याला मी नुसते गोल मोजून आणलं होतं. हुकल्यावर तो काय करतो ते मी बघितलंच नव्हतं. चूक माझी होती, खालच्या डिव्हिजनची नव्हे.”

“मग हे लिहिलं का नाहीत?” कोचबाईंनी विचारलं.

“लिहायला बसलो की ऊर भरून यायचा, बाई. मग वाटायचं, हे मामा लिहितोय. खोडून टाकायचो.” त्यांचा आवाज चिरकला. “तो इथे चालेलच असं नाही सांगत मी. नाहीही चालणार. पण घ्या त्याला.”

खजिनदार पुटपुटले, “आणि फसला तर?”

“तर तेव्हाही हात वर करून बॉल मागेल,” कोचबाई म्हणाल्या. “मी रविवारी तेच बघून आले. मामाच्या मताला मी काडीची किंमत देत नाहीये, समजलं ना पारखी? निर्णय माझा. सहा महिन्यांचा करार करू. जा, सांगून या. आणि यापुढे त्याच्या मॅचचे अहवाल लिहायचे नाहीत.”

काचेच्या दुकानात भाचा मोठ्या टेबलावर ओणवा होता. काचेवर पट्टी धरून त्यानं काच कापायची हिरकणी सर्रकन ओढली, दोन अंगठ्यांनी हलकेच दाब दिला आणि काच रेघेवर सरळ तुटली. मामा दिसल्यावर तो कंटाळून म्हणाला, “आज तर मॅचही नाही. आज काय चुकलं?”

पारखींनी सगळं सांगितलं. अहवाल, फुल्या, कोचबाई, करार, एका दमात. सांगून झाल्यावर ते शिव्या खायच्या तयारीनं उभे राहिले.

भाच्यानं काचेच्या कडांवरचा भुगा ब्रशनं झाडला. मग म्हणाला, “त्या खोलीत माझ्याबद्दल काय बोललास?”

“डावा पाय कच्चा आहे...”

“ते पाठ आहे मला, मामा. लहानपणापासून तेच ऐकतोय. दुसरं काय बोललास?”

पारखींनी इकडेतिकडे बघितलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी अडखळत सांगितलं, हुकल्यावर बाकीचे लपतात, तू लपत नाहीस. हात वर करतोस. एकदाही लपला नाहीस. एवढं बोलताना त्यांचे कान लालबुंद झाले.

भाच्यानं हातमोजे काढले, फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो मधोमध टेबलावर ठेवला.

“आई, मामा आलाय,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “मामा, आता परत सांग.”

पारखींनी परत सांगितलं. 

“नीट ऐकू येत नाही रे,” पलीकडून ताई नाक ओढत म्हणाली. “जरा मोठ्यानं बोल.”

तेव्हा पारखी फोनवर वाकले आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.